सही कुणाची, निर्णय कुणाचा?

आमच्या वस्तीतल्या एका घराची गोष्ट आधी सांगतो. बाप नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा, आई चार घरची धुणीभांडी करणारी. सात वर्षांच्या मुलाचा ताप पंधरा दिवस उतरेना. तोंड पांढरेफटक पडले, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. दाखवले तिथे बापाने सह्या केल्या. महिनाभराच्या औषधांनी पोरगा पुन्हा खेळू लागला. आजी म्हणाली, "बरं झालं की लेकरू. आता ही जहाल औषधं कशाला? केस गेले, तोंड आलं, खाणं सुटलं." बापाची महिन्याची मजुरी बुडालेली, खोलीचे भाडे थकलेले. त्यांनी दवाखान्यात जाणे बंद केले. पाच महिन्यांनी ताप परत आला. आज मुलगा पुन्हा दाखल आहे. उपचार चालू आहेत, पण आशा पहिल्याइतकी राहिलेली नाही.

विहारात यावरून दोन तट पडले. काही म्हणाले, आईबापाला काय कळते, डॉक्टरांनीच ठरवायला हवे होते. काही म्हणाले, पोर ज्याचे, निर्णय त्याचा. आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. कारण त्या घरात निर्णय ना आईबापाने घेतला, ना डॉक्टरने. निर्णय घेतला थकलेल्या भाड्याने, बुडालेल्या रोजीने आणि कुणीच न सांगितलेल्या एका माहितीने.

ती माहिती अशी. मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग आज बरा होऊ शकतो. नीट उपचार मिळाले तर बहुतेक मुले मोठी होतात, शाळा-कॉलेजात जातात. पण पहिल्या महिन्यानंतर मूल बरे दिसते, तेव्हा आजार संपलेला नसतो. थोड्या पेशी लपून राहतात. त्या मारण्यासाठी एकूण दोन-अडीच वर्षे औषधे घ्यावी लागतात. त्यातला शेवटचा मोठा काळ बहुतांशी घरी राहून गोळ्या घेण्याचा असतो. मध्येच सोडले तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार बरा करणे फार अवघड जाते. हे त्या बापाला त्याच्या भाषेत, बसवून, दोनदा सांगितले असते तर? त्याने सही केली होती, पण समजून संमती दिली नव्हती. सही आणि संमती यांत फरक आहे.

कायदाही हेच सांगतो. 18 वर्षांखालील मुलाच्या उपचाराला पालकांची संमती लागते. जीव धोक्यात असेल आणि विचारायला वेळच नसेल, तेव्हाची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले आहे की उपचार कोणता, कशासाठी, त्यात धोके काय, दुसरा मार्ग आहे का, न केल्यास काय होईल, हे पुरेसे सांगितल्यावरच संमती खरी ठरते. तेव्हा डॉक्टरसाहेबांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे. उपचाराचे कागद मागितल्यापासून 72 तासांत मिळाले पाहिजेत, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 पासूनचा नियम आहे. ते कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते.

मग आईबाप म्हणतील तेच अखेरचे का? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. मूल आईबापाचे आहे, पण मुलाचा जीव आईबापाच्या मालकीचा नाही. बऱ्या होणाऱ्या आजारावरचा उपचार बंद करून लेकराला अंगारे-धुपारे करणाऱ्याच्या दारात नेण्याचा अधिकार कुणालाच नाही. तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून किंवा कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. ते घरातल्या वडीलधाऱ्यांनाही लागू आहे आणि पांढऱ्या कोटालाही. डॉक्टरांनीही "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे" अशा कागदावर अंगठा घेऊन मोकळे होऊ नये. घर का माघार घेते आहे, हे आधी विचारावे. दवाखान्यातल्या समाजसेवकाला बोलवावे.

आणि जिथे आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, तिथे? तिथे आईबापाच्या शब्दाला जास्त वजन हवे. आणखी सुया आणि नळ्या, की वेदना कमी करणारी औषधे आणि घरचे अंथरूण, हे लेकराला ओळखणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बरेच कळते, त्यालाही विचारावे. मेलेले मूल छातीशी धरून औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला बुद्धांनी खोटी आशा दाखवली नाही, की हाकलूनही दिले नाही. जिथे कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगून सत्य तिचे तिला उमगू दिले. डॉक्टरांनी सत्य सांगावे ते असे.

बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. राजरत्न 1926 मध्ये गेला. औषधपाण्याविना आणि उपासमारीत लेकरे जाण्याचे दुःख आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच हा प्रश्न एका घराचा नाही.

विहार समितीने दोन-तीन कामे हाती घ्यावीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या कर्करोगाचे उपचार होतात. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन त्याला भेटायला कुणीतरी जाणता माणूस सोबत द्यावा. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचार चालू असतील, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची चौकशी करावी. डॉक्टर समजावून सांगतील तेव्हा बापाशेजारी आणखी एक जण बसावा, लिहून घ्यावा आणि घरी येऊन आजीलाही सांगावे. बुडालेल्या रोजीसाठी जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला ठेवावा. डीजेचा एक तास कमी झाला तरी चालेल.

पोटाची चिंता उरली नाही आणि सगळे समजले, तरच आईबाप खरा निर्णय घेऊ शकतात. तोवर कागदावर सही बापाची असते आणि निर्णय गरिबीचा.

जय भीम.