दोन इंचांचा अर्थसंकल्प

राजापूरचे लोकसभा सदस्य प्रा. मधु दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या कठीण लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंचांची गादी बसविण्यास आरंभ केला. वरच्यास खाली ओढावयाचे नसून खालच्यास वर उचलावयाचे आहे, ही त्यांची भूमिका. सरकारी पैसा प्रथम कोणाच्या पाठीखाली जावा, हा प्रश्न त्यांनी असा रोकडा सोडविला. त्याच डिसेंबरात कल्याणमार्गे हावड्यास धावू लागलेल्या गीतांजली एक्स्प्रेसमध्ये तर वर्गभेदच ठेवला नव्हता.

त्याच कल्याण-डोंबिवलीचा नोकरदार आज लोकलच्या दारात लोंबकळतो. गादी राहो, पाऊल टेकले तरी तो दिवस भाग्याचा! 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ असेच लोंबकळणारे काही प्रवासी रुळांवर पडून प्राणांस मुकले. उलट मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी, बहुतांशी जपानी कर्जाच्या भरवशावर का होईना, प्रारंभीच सुमारे 1 लाख 8 हजार कोटींचा अंदाज धरण्यात आला. तिचे एक स्थानक ठाण्यासही योजिलेले आहे. वेगाशी आमचे वैर नाही. परंतु 2017 पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही उरलेला नाही. तेव्हा येत्या अधिवेशनात ठाण्या-कल्याणच्या खासदारांनी पंधरा डब्यांच्या लोकलसाठी किती रक्कम मागितली, याचा हिशेब आम्ही ठेवणार आहोत.