परसबाग : फुलावयास विसरलेला मोगरा

परसांत मोगरा आहे, पानांनीं डंवरलेला आहे, पण कळी म्हणून धरीत नाहीं, अशा तक्रारीचीं तीन पत्रें या खेपेस आलीं आहेत. तिघी भगिनींनीं आमच्याच घरचा मोगरा पाहून लिहिलें कीं काय, असें तीं वाचतांना वाटलें. मार्गशीर्षाचा हा अंक हातीं पडेल तेव्हां या झाडाकरितां कांहीं करावयाची वेळ नेमकी आलेली असेल. म्हणून या महिन्यांत इतर विषय बाजूस ठेवून आमच्या आंबागडच्या परसांतील हकीकतच सांगतें.

आंबागड हें भंडारा जिल्ह्यांतील तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें लहानसें गांव. ज्यावरून गांवाचें नांव पडलें तो गड देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या पदरच्या राजाखान पठाणानें सन १७०० च्या सुमारास बांधला, व पुढें नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत त्याचा तुरुंग झाला. आमच्याकडील हवा फुलझाडांना सोपी नाहीं. पावसाळा असा कोसळतो कीं धानाच्या बांध्या तुडुंब भरून जातात; पौषांत पहाटे दांतावर दांत वाजतात; आणि वैशाखाचें तर विचारूंच नये. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर चढला होता, आणि आम्ही कांहीं नागपुराहून फारसे थंड नव्हे. अशा हवेंत गुलाब जगवावा लागतो. मोगरा मात्र आपला आपण जगतो. जगतो, पण फुलतोच असें नाहीं, हें आम्हांस दोन वर्षें हात पोळल्यावर कळलें.

आमच्या न्हाणीच्या मागें जो मोगरा आहे तो आजींचा, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंचा. त्यांचें माहेर पवनीचें. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रगौरीला त्यांच्या भावानें पवनीहून मुळ्या धरलेली एक फांदी ओल्या फडक्यांत बांधून आणली, ती त्यांनीं स्वतः लावली. तें मूळचें झाड आतां नाहीं. झाड म्हातारें होऊं लागलें कीं त्याचीच एक फांदी जमिनींत दाबून दुसरें करावयाचें, असें करीत आजचा मोगरा हा त्या वंशांतील तिसरा. मोगऱ्याला आपल्याकडे बीज धरत नाहीं म्हटलें तरी चालेल. तो फांदीपासूनच वाढतो. त्यामुळें नातवाचें झाड हें एका अर्थानें आजाचेंच झाड असतें, त्यांत दुसऱ्या कोणाचें रक्त मिसळलेलें नसतें. आजींना हें शास्त्र कोणीं सांगितलेलें नव्हतें. त्या नुसतें म्हणत, “हा पवनीचा आहे.”

चैत्रगौर बसली कीं पहिली कळी आजींनीं खुडून देवापुढें ठेवावयाची, हा घरचा नेम. लागोपाठ दोन चैत्र तसे गेले. पानें गर्द, फांद्या कमरेच्या वर, आणि कळी शोधूं गेलें तर चार नाहीं तर पांच. गौरीला तुमसरच्या बाजारांतून गजरे आणले. दुसऱ्या वर्षीं हळदीकुंकवाच्या दिवशीं आजी ओटीवर बसून होत्या. बायका गेल्यावर त्या सासूबाईंना म्हणाल्या, “उपटून टाका तो आतां. माझ्यासारखाच थकला. जागा तरी मोकळी होईल.”

सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. थोरल्या जाऊबाईंनीं व मीं मात्र मनाशीं ठरविलें कीं असें होऊं द्यावयाचें नाहीं. आणि मग आम्ही दोघींनीं त्या झाडाची जी सेवा आरंभिली ती आज आठवली कीं हंसूं येतें. जाऊबाईंनीं शेणखताची पाटी दर महिन्याला ओतली. मीं न्हाणीचें सगळें पाणी आळ्यांत वळविलें. धुण्याचें, भांड्यांचें, कांहींएक वायां जाऊं दिलें नाहीं. झाड आणखी माजलें. कळी नाहीं ती नाहींच, शिवाय कोंवळीं पानें पिवळीं पडूं लागलीं, शिरा तेवढ्या हिरव्या.

मार्गशीर्षांत आमचे काटोलचे काकाजी आले. काटोलाकडे त्यांचा संत्र्याचा बाग आहे. सकाळीं दांत घासतां घासतां त्यांनीं झाडाकडे पाहिलें आणि विचारलें, “सूनबाई, याला पाणी कोण घालतें?”

मीं मोठ्या अभिमानानें “मी” म्हणून सांगितलें.

“मग याला थोडें उपाशी ठेवा. खाऊनपिऊन तृप्त झालेलें झाड फुलावयाची उठाठेव कशाला करील?”

संत्र्याच्या बागाईतदाराला यांत नवल तें काय! आंबिया बहार धरावयाचा तर हिंवाळ्यांत बागेचें पाणी तोडतात. त्याला ताण देणें म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पानांनीं केलेलें अन्न नव्या पालवींत खर्च न होतां फांद्यांत सांठून राहतें, आणि पुढें पाणी मिळालें व हवा तापूं लागली कीं झाड एकदम बहरतें. मोगऱ्याचेंही तसेंच. त्यांत मोगऱ्याची आणखी एक खूण आहे, ती ज्यांनीं नीट पाहिली नसेल त्यांनीं पाहावी. कळ्यांचे झुबके येतात ते नव्या फुटीच्या शेंड्यांवर, जुन्या लांकडावर नव्हे. म्हणजे ताण देऊन भागत नाहीं; छाटावयासही हवें. जितके शेंडे तितके झुबके. आमच्या झाडावर जुनें लांकूडच लांकूड होतें, आणि तें कापण्याची छाती कोणाची नव्हती.

दुसरा दोष पाण्याच्या जातीचा. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू वाढवावयाची आपली जुनीच रीत; पण त्या न्हाणींत शिकेकाई, डाळीचें पीठ आणि फार तर राख असे. हल्लींच्या धुण्याच्या पावडरींत सोडा असतो, त्यानें माती कडक व खारी होत जाते. आमची माती मोरांड, काळसर, चुनखडीचे खडे असलेली. तिला आधींच क्षार अधिक. अशा मातींत लोह असून झाडाला तें घेतां येत नाहीं, आणि शिरा हिरव्या ठेवून पानें पिवळीं पडतात. आमच्या गडासंबंधीं अशी आख्यायिका आहे कीं कैद्यांना आंतल्या विहिरीचें सडलेलें पाणी पाजून मारीत असत. काकाजींनीं समजावून सांगितलें तेव्हां मला तीच आठवली, आणि आळ्यांतल्या त्या फेंसाळ पाण्याकडे पाहवेना.

तिसरी गोष्ट सांवलीची. न्हाणीवर वाढलेल्या शेवग्यामुळें झाडाला ऊन उरलें होतें तें सकाळचें तास दोन तास. मोगऱ्याला निदान पांचसहा तास उघडें ऊन पाहिजे. शेवग्याच्या फांद्या त्याच दिवशीं तोडविल्या.

पाणी बंद केलें. हलक्या मुरमाड जमिनींत पंधरा दिवस पुरतात; भारी जमिनींत महिनाभर ताण लागतो. पानें निस्तेज होऊन गळूं लागलीं म्हणजे ताण बसला असें समजावें; फांद्या मात्र वाळूं देऊं नयेत. आतां प्रश्न छाटणीचा आला, आणि घरांत दोन तट पडले. मुलें माझ्याकडे, सासूबाई व जाऊबाई पलीकडे. जाऊबाई म्हणाल्या, “अगं, आजींच्या माहेरचें झाड तें. मेलें तर तूं काय तोंड दाखवशील?” यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. खरें म्हणजे छाटण्यापूर्वीं श्रावणांतच एकदोन दाबकलमें करून ठेवावयास पाहिजे होतीं. पावसाळ्यांत मुळ्या लवकर धरतात, थंडींत फार वेळ लागतो. पण श्रावण तर केव्हांच निघून गेला होता.

शेवटीं मीं आजींनाच विचारलें. त्यांना आतां नीट दिसत नाहीं. त्यांनीं काठी घेतली, झाडापाशीं आल्या, हातानें चांचपीत एक लांब, लवचीक फांदी निवडली आणि म्हणाल्या, “ही कापूं नका. हिला गांठीच्या खालून अर्धी चीर द्या, आणि ती गांठ मातींत दाबा.” मीं चाकूनें चीर दिली, चिरेंत काडीचा तुकडा अडकविला, बोटभर खोल मातींत फांदी बसविली. वर ठेवावयाचा दगड आजींनीं स्वतः आपल्या हातानें ठेवला. मग म्हणाल्या, “आतां खुशाल कापा.”

पौषाच्या दुसऱ्या आठवड्यांत संध्याकाळीं छाटणी केली. जमिनीपासून हातभर उंची ठेवून सगळें उतरविलें. वाळकें, रोगट आणि आंतल्या बाजूस गेलेलें लांकूड बुडाशीं कापलें, राहिलेलीं पानें हातानें ओरबाडलीं. कात्री धारेची असावी, फांदी चिरडूं नये. मग खुरप्यानें भोंवतालची माती वीतभर मोकळी करून आळें दोनतीन दिवस उन्हांत उघडें ठेवलें, आणि चांगलें कुजलेलें शेणखत दोन पाट्या, निंबोळीची पेंड दोन मुठी मातींत मिसळून तें भरलें. हाडांचें खत मोगऱ्याला फार मानवतें म्हणतात, पण तें आमच्या घरांत चालत नाहीं, आणि त्यावांचून अडलेंही नाहीं. पहिलें भरपूर पाणी विहिरीचें दिलें. न्हाणीचा पाट वळवून केळीकडे नेला.

त्यानंतरचे तीन आठवडे मला चांगले गेले नाहींत. अंगणांत तो खराट्यासारखा बुंधा, आणि आलेगेलेले विचारीत, “इथें मोगरा होता ना?” आजी रोज सकाळीं धाकट्या नातवाला पाठवीत, “बघ रे, डोळा फुटला का?” तो येऊन “नाहीं” सांगे. माघांत एका सकाळीं तो धांवत आला. गांठीगांठीवर तांबूस हिरवे ठिपके दिसत होते. फूट बोटभर होतांच पुन्हां पानें पिवळीं दिसूं लागलीं, तेव्हां हिराकस लिटरभर पाण्यास पांच ग्रॅम या प्रमाणांत विरघळवून संध्याकाळीं पानांवर शिंपडलें. आठआठ दिवसांच्या अंतरानें तीनदां. त्यानें रंग सुधारला.

चैत्र शुद्ध तृतीयेस झाडावर अकरा कळ्या होत्या. मुलांनीं मोजल्या म्हणून आंकडा ठाऊक. त्या सगळ्या कोंवळ्या व हिरव्या. एकही खुडण्याजोगी नव्हती. गौर बिनमोगऱ्याची बसली. पण गौर महिनाभर असते, हें आम्हीं विसरलों होतों. पुढल्या शुक्रवारीं हळदीकुंकू केलें तेव्हां परडीचा तळ झांकला होता. कळी आजींनींच खुडली, हातानें शोधून. त्यांनीं पहिली देवापुढें ठेवली, दुसरी हुंगली, आणि जाऊबाईंना म्हणाल्या, “डाळींत मीठ कमी पडलें आहे ग आज.”

मोगऱ्याची कळी सूर्योदयापूर्वीं, टपोरी व पांढरी झाली पण मिटलेली असतांना खुडावी. ती संध्याकाळीं उमलते. उन्हाळा तापला कीं बुंध्याभोंवतीं धानाच्या तणसाचा चार बोटें थर द्यावा, म्हणजे ओल टिकते. पाणी सूर्य उगवण्याच्या आंत द्यावें. कळ्या जांभळट होऊन गळूं लागल्या तर आंत अळी आहे असें समजून त्या वेंचून जाळाव्या. जमिनीवर पडूं देऊं नयेत. पानांखालीं बारीक जाळें दिसलें तर तो लाल कोळी. उलट्या बाजूनें पाण्याचा जोरदार फवारा मारल्यानें तो बराच हटतो. प्रत्येक बहर ओसरल्यावर शेंडे थोडे खुडले तर पाऊस लागेपर्यंत झाड आणखी एकदोनदां फुलतें.

एका पत्रांत कुंदही आतांच छाटावा काय, असें विचारलें आहे. मुळींच नको. कुंद हिंवाळ्यांत फुलतो. त्याच्या कळ्यांवरच कात्री पडेल. त्याचें फूल संपल्यावर मग पाहावें. जाई छाटावयास हरकत नाहीं, पण तिचा बहर पावसाळ्यांतला, तिच्याकडून चैत्रांत अपेक्षा करूं नये.

या फुलाच्या कुळकथेंत एक मौज आहे. लिनियसनें १७५३ सालीं त्याचें नामकरण केलें तेव्हां त्याला पारिजातकाच्या गोत्रांत घातलें. १७८९ सालीं एटननें त्याला तेथून उचलून जाईजुईच्या पंक्तीला बसविलें. फिलिपाईन बेटांत त्याला सांपागिता म्हणतात, आणि १९३४ पासून तें त्या देशाचें राष्ट्रीय फूल आहे. चिनी लोक याच्या कळ्यांमध्यें चहाचीं पानें ठेवून त्यांना वास लावतात. मदुरेच्या मल्लीला तर २०१३ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. हें मीं आजींना वाचून दाखविलें. त्यांनीं विचारलें, “पवनीच्या मोगऱ्याचें कांहीं लिहिलें आहे का त्यांत?”

दगडाखालच्या फांदीस मुळ्या धरावयाला श्रावण उजाडला. हळूच ओढून पाहिलें तर ती ओढली जाईना. मग आईपासून तोडून कुंडींत लावली. दसऱ्यास आजींचा भाचा पवनीहून आला होता. तिकडचें जुनें घर पाडून नवें बांधलें तेव्हां मूळचा मोगरा गेला, हें त्याच्या बोलण्यांत आलें. आजींनीं कुंडी मागविली, मातीवरून एकदां हात फिरविला आणि ती त्याच्या हवालीं केली. तो फाटकापर्यंत गेला तेव्हां त्यांनीं त्याला हांक मारून परत बोलाविलें.

“न्हाणीपासून लांब लाव हो,” त्या म्हणाल्या.