सुंभ, पीळ आणि थार

आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. हॅचबॅक आणि सेडानच्या रांगेत मधूनच एखादी थार उभी असते. अंगावर चिखलाचे शिंतोडे, तेही मुद्दाम न पुसलेले. सोमवारी सकाळी ते शिंतोडे म्हणजे मेडलच! शनिवारी ताम्हिणी, रविवारी मुळशीच्या मागचा कुठला तरी कच्चा रस्ता आणि सोमवारी दहाच्या मीटिंगला हजर. लाइफ असावं तर असं!

पण या गँगमध्ये एक रोग हमखास पसरतो. त्याचं नाव 'उंची'. गाडी घेऊन दोन महिने झाले नाहीत, तोच कुणी तरी कानात सांगतं, "पुढून दोन इंच वर घे रे. जाम भारी दिसेल."

दिसेल की! चालेल कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमच्या ग्रुपमधला एक टेस्टिंगवाला याच चक्करमध्ये सापडला. त्यानं 2014 ची थार सीआरडीई सेकंडहँड घेतली. सेव्हिंग्ज संपवून, वर लोन काढून. हौस होतीच, पण कारणही होतं. वडील एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आयुष्यभर लोकांना कोकणात नेलं-आणलं. आता पोरानं त्यांना स्वतःच्या गाडीतून वरंधा घाटानं गावी न्यायचं, असा प्लॅन. एका गॅरेजवाल्यानं त्याला अर्ध्या तासात 'लिफ्ट' करून दिली. पार्ट काही बदलला नाही, खाली झोपून दोन बोल्ट आवळले आणि झालं. गाडीचं नाक वर, पोरगा खूश.

पहिल्याच ट्रिपमध्ये भोरच्या पुढे वडिलांनी गाडी थांबवायला लावली. मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस तो. म्हणाले, "अरे, मला एसटीनं जाऊ दे. ती परवडली."

ज्यानं 30 वर्षं लाल डबा चालवला, त्याच्या तोंडून हे वाक्य! मित्र त्या आठवड्यात गाडी विकायला निघाला होता.

आधी फंडा क्लिअर करू

जुन्या जीपला पुढेमागे पाटे असायचे. 2020 मध्ये आलेल्या नव्या थारला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आहेत. मधली पिढी, म्हणजे 2010 मध्ये आलेली थार सीआरडीई, हा वेगळाच प्रकार. तिला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार. 1998 ची पहिली टाटा सफारी आणि 2003 ची पहिली फोर्ड एंडेव्हर यांच्याही पुढच्या चाकांना हाच जुगाड. आयडिया जुनी आहे. 1934 च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हांमध्ये ती होती आणि आपल्या लष्कराचा टी-72 रणगाडाही टॉर्शन बारवरच झुलतो.

टॉर्शन बार म्हणजे काय? स्टीलची एक लांब सळई. गाडीखाली वाकून बघितलं, तर पुढच्या चाकापासून मागे, चासीला समांतर गेलेली दिसेल. तिचं एक टोक चाक धरणाऱ्या आर्मला जोडलेलं, दुसरं चासीच्या आडव्या पट्टीत अडकवलेलं. चाक वर उचललं गेलं, की सळईला पीळ बसतो. खड्डा गेला, की ती पीळ सोडते आणि चाक पुन्हा जागेवर. ओला टॉवेल पिळताना मनगटाला जो विरोध जाणवतो ना, तोच इथे गाडीचं वजन पेलतो.

आता मागच्या टोकाला एक ॲडजस्टिंग बोल्ट असतो. तो आवळला, की सळईचं ते टोक थोडं फिरतं, आर्म खाली ढकलला जातो आणि गाडीचं नाक वर येतं. सैल केला, की नाक खाली. एक पाना आणि दोन बोल्ट, बस्स. म्हणूनच गॅरेजवाल्यांना ही 'लिफ्ट' इतकी आवडते.

बोल्ट आवळला म्हणजे स्प्रिंग कडक?

नाही! दहातले नऊ जण इथेच चुकतात. सळई किती कडक, हे तिची जाडी, लांबी आणि स्टील ठरवतं. जाडीचा हिशेब तर चौथ्या घाताचा आहे. सळई फक्त 10 टक्के जाड केली, तर कडकपणा जवळपास 46 टक्क्यांनी वाढतो. बोल्ट फिरवल्यानं यातलं काहीच बदलत नाही. गाडीचं वजन तेच, म्हणून सळईला बसणारा पीळही जवळपास तेवढाच राहतो. फक्त त्या पिळाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होते.

मग वडिलांच्या मणक्याला गचके कुठून आले? मित्र शेवटी नाना पेठेत स्पेअर्स शोधत फिरत होता, तेव्हा एका दुकानदारानं त्याला एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामांनी गाडी एकदा पुढून दाबली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, गाडी कडक नाही झाली. तिचा पाय खाली पोचत नाहीये."

एका वाक्यात अख्खं चॅप्टर! चाकाला वर जायला जेवढी जागा लागते, तेवढीच खाली जायलाही लागते. खड्डा आला की चाकानं खाली उतरून जमीन धरायची असते. नाक दोन इंच वर घेतलं, म्हणजे आर्म आधीच खाली ढकललेला. खाली जायची जागा संपत आलेली. मग साध्या खड्ड्यातही आर्म खालच्या स्टॉपवर आदळतो आणि 'ठण्ण' करून धक्का थेट सीटपर्यंत येतो. शॉकॲब्सॉर्बरही आधीच ताणलेला, त्यामुळे तोही काही करू शकत नाही.

बाकीचं बिल नंतर येतं. चाकांचा कॅम्बर आणि टो बिघडतो, टायर एका कडेनं झिजतात. पुढच्या ॲक्सलचे सांधे जास्त तिरके फिरतात, त्यांची रबरी बुटं फाटतात, आत चिखल गेला की सांधा खलास. हेडलाइट वर बघायला लागतात आणि घाटात समोरून येणारा आंधळा होतो. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. उंच आणि अरुंद गाडी वळणावर आधीच घाबरवते, तिला आणखी उंच करून वरंध्याला न्यायचं? सोचो!

आणि मिळालं काय?

खरी गंमत पुढे आहे. एवढं करून ग्राउंड क्लिअरन्स किती वाढला? या थारचा कंपनीनं दिलेला आकडा 200 मिलिमीटर. पण मागे एकसंध ॲक्सल आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लटकतो. दगडावर बहुधा तोच पहिला घासतो. पुढचे बोल्ट कितीही आवळा, हा गोळा एक मिलिमीटरही वर येत नाही. त्याची उंची फक्त टायरवर ठरते. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला, तर गोळा एक इंच वर येतो. पुढून उचलल्यानं बंपर थोडा वर येतो, चढ सुरू होताना नाक घासत नाही, एवढाच काय तो फायदा.

म्हणजे दोन इंचांपैकी बराचसा भाग फोटोत दिसण्यापुरता!

मग बोल्टला हातच लावायचा नाही?

लावायचा, पण योग्य कारणासाठी. वर्षानुवर्षं वजन पेलून सळई थोडी बसते आणि नाक खाली येतं. किंवा तुम्ही पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावली, तर 70-80 किलो सहज वाढतात आणि गाडी वाकते. अशा वेळी नाक पुन्हा मूळ उंचीवर आणणं, हेच त्या बोल्टचं खरं काम. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे उलटं आहे, सुंभ शाबूत असतो आणि पीळच हळूहळू जातो.

मामांची पद्धत अशी. तुमच्या मेकॅनिकसमोर उभं राहून टिकमार्क करत जा:

• गाडी सपाट फरशीवर, उतारावर नाही. टायरमध्ये दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलेली हवा. मागे ठेवलेलं सामान बाहेर.

• मोजमाप चाकाच्या मधोमध, हबपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं, तर टायरची झीजही त्यात येते. दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर लिहा.

• बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजा आणि रंगाची खूण करा. उद्या परत फिरायची वेळ आली, तर हीच खूण कामाला येते.

• पुढची बाजू जॅकवर उचलून घोड्यांवर टेकवा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. चाकं लटकली, की बोल्टवरचा ताण कमी होतो आणि आटे खराब होत नाहीत.

• एका वेळी थोडंच फिरवा, दोन्ही बाजू आळीपाळीनं. मग गाडी खाली घ्या, दहा-पंधरा फूट पुढे-मागे चालवा, पुढून दोनदा दाबा आणि पुन्हा मोजा. जॅकवरून उतरवल्याबरोबरचा आकडा खोटा असतो, सस्पेन्शन बसायला वेळ लागतो.

• पिळलेल्या सळईत भरपूर ताकद दडलेली असते. बोल्ट पूर्ण काढायचं काम घरी करायचं नाही म्हणजे नाही. सळया काढल्याच, तर डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडेच जाते.

• शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा ॲंगल. हे ऑप्शनल नाही! दोघांच्या मल्टिप्लेक्स-पॉपकॉर्नच्या बजेटमध्ये होतं आणि टायरचा सेट वाचतो.

कम्फर्ट हवाय? क्रम पाळा

गाडी गचके देते म्हटल्यावर आपण थेट स्प्रिंगकडे धावतो. मामा सर्वांत स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करतात, आणि त्यांचं लॉजिक सही आहे.

पहिली, टायरची हवा. बऱ्याच गाड्या पेट्रोल पंपावरच्या अंदाजानं भरलेल्या असतात. चार-पाच पीएसआय जास्त असली, तरी प्रत्येक खडा सीटपर्यंत येतो. चिखलात किंवा वाळूत उतरताना ऑफ-रोडवाले साधारण 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, पकड वाढते आणि धक्केही मऊ होतात. पण तेव्हा स्पीड एकदम कमी, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची. सोबत छोटा कॉम्प्रेसर हवाच.

दुसरी, रबरी बुश. दहा वर्षांच्या गाडीत ते कडक होऊन तडकलेले असतात. निम्मी खडखड तिथून येते.

तिसरी, शॉकॲब्सॉर्बर. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉकॲब्सॉर्बर तिला डोलण्यापासून थांबवतो. त्यावर तेलाचा ओघळ दिसला किंवा एका स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा झुलली, तर बदलायची वेळ झाली. जोडीनं बदला, एकेक नाही.

हे तिन्ही झाल्यावरही नाक खाली असेल, तर आणि तरच बोल्ट.

मित्राच्या गाडीत मामांनी उंची जवळपास मूळ आकड्यावर आणली, पुढचे शॉकॲब्सॉर्बर आणि बुश बदलले, अलाइनमेंट करून घेतलं. खर्च झाला, पण 'लिफ्ट' पुरवण्यापेक्षा कमीच. दिवाळीत वडील वरंध्यानं गावी गेले. सर्टिफिकेट काही दिलं नाही. फक्त माझेरीच्या वळणांवर म्हणाले, "सरक तिकडं, जरा मी चालवतो." त्या घरात यापेक्षा मोठं कॉम्प्लिमेंट नाही!

आणि हो, आरटीओ

मोठे लिफ्ट किट, रुंद टायर, वेगळी सस्पेन्शन असले प्लॅन असतील, तर जरा थांबा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम 182अ तर मालकालाच पकडतं. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. बसलेलं नाक मूळ उंचीवर आणणं म्हणजे मेन्टेनन्स. दोन इंचांची टशन ही वेगळी गोष्ट. अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला टेप घेऊन आला, तर हा फरक नक्की कळेल.

तेव्हा पुढच्या वीकेंडला कुणी "दोन इंच वर घे" म्हणालं, तर त्याला एकच प्रश्न विचारा, "चाकाला खाली जायला जागा किती उरेल?" उत्तर आलं, तर तो माणूस जपून ठेवा. नाही आलं, तर त्याला चहा पाजा आणि पाना खिशातच ठेवा.