‘अतिरंजित’ : एका विशेषणाचा अतिरेक

मराठी समीक्षाव्यवहारात ‘अतिरंजित’ हे विशेषण ज्या सैलपणे वापरले जाते, त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांची कथानके अतिरंजित, गडकऱ्यांची भाषा अतिरंजित, ‘एकच प्याला’तील सिंधूचे पातिव्रत्य अतिरंजित आणि तळीरामही अतिरंजितच. पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत हा शेरा सारख्याच निःशंकपणे मारला जातो. वस्तुतः या चारही ठिकाणी मर्यादा ओलांडली गेली आहे हे मान्य केले, तरी ती कोणती मर्यादा आणि कोणत्या दिशेने, हा प्रश्न उरतोच. समीक्षेचे काम तेथून सुरू होते. ‘अतिरंजित’ म्हणताच ते संपल्यासारखे वाटते.

ही सवय प्रामुख्याने इंग्रजी समीक्षेच्या वाचनातून आली, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंग्रजीत अतिरेकाचे वर्णन करणारी विशेषणे अनेक आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या मुळाशी एक स्वतंत्र चित्र आहे. ‘बॉम्बॅस्टिक’च्या मुळाशी कापूस आहे. सोळाव्या शतकातील इंग्रज पुरुष अंगातल्या कपड्यांत कापूस भरून छाती-खांदे फुगवीत. त्या भरणीला ‘बॉम्बॅस्ट’ म्हणत. रॉबर्ट ग्रीनच्या नावाने १५९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत शेक्सपिअरची म्हणून ओळखली गेलेली जी टवाळी आहे, तिच्यात हाच शब्द क्रियापद म्हणून आला आहे. आत देह किरकोळ आणि बाहेर फुगवण मोठी, असे असेल तेथेच हे विशेषण शोभते. ‘टर्जिड’मध्ये सूज आहे, ‘फ्लॉरिड’मध्ये फुलांचा बहर, ‘इफ्यूझिव्ह’मध्ये बाहेर ओतणे, तर ‘एक्स्ट्रॅव्हगंट’चा लॅटिन अर्थ हद्दीबाहेर भटकणे असा आहे. सुजलेली भाषा आणि बहरलेली भाषा यांत फरक करणारा वाचक दोन वेगळे निर्णय देत असतो. मराठीत येताना ही सारी विशेषणे एकाच शब्दात कोंबली गेली. तेव्हा दोष उसनवारीचा नाही, उसने आणलेल्या वस्तूच्या हाताळणीचा आहे.

शिवाय या विशेषणांचे मोल स्थिर राहिलेले नाही. ‘सेन्टिमेन्टल’ हा शब्द स्टर्नने १७६८ मध्ये आपल्या प्रवासकथेच्या शीर्षकात घातला, तेव्हा त्यात निंदा नव्हती. ‘मेलोड्रामा’चा इतिहास तर मराठी अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. ग्रीक ‘मेलॉस’ म्हणजे गान. टॉमस हॉलक्रॉफ्टचे ‘अ टेल ऑफ मिस्टरी’ १८०२ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन रंगभूमीवर आले, ते या नावाने ओळखले गेलेले पहिले इंग्रजी नाटक. पुढे हा नाट्यप्रकार हिणकस ठरला आणि त्याचे विशेषण शिवीसारखे वापरले जाऊ लागले. १९७६ मध्ये पीटर ब्रुक्स यांनी बाल्झाक आणि हेन्री जेम्स यांच्या संदर्भात मेलोड्रामाकडे एक गंभीर कल्पनापद्धती म्हणून पाहिले, तेव्हापासून इंग्रजीत ती शिवी पुष्कळ बोथट झाली. मराठीत मात्र ती जुन्याच धारेने चालते, आणि तीही संगीत नाटकाच्या प्रदेशात!

संस्कृत काव्यशास्त्राचा वारसा सांगणाऱ्या परंपरेत असे घडावे, हे अधिक खटकते. भामहाने अतिशयोक्तीला वक्रोक्तीशी एकरूप मानून सर्व अलंकारांच्या मुळाशी ठेवले. दंडीने तिला अलंकारांत श्रेष्ठ स्थान दिले. मात्र लोकमर्यादा सोडणाऱ्या ‘अत्युक्ती’ला त्याने वेगळे काढले आणि ती गौड मार्गाची आवड म्हणून नोंदवली. म्हणजे ‘अति’ हा दोषच, असे न मानता त्यातले प्रकार निवडण्याची सोय येथे होती. शालेय व्याकरणात दमडीच्या तेलाचे लोकगीत अतिशयोक्तीचे उदाहरण म्हणून शिकवले जाते. त्या तेलात उंट वाहून जातो, पण त्या गीताला कोणी अतिरंजित म्हणत नाही. तोच विद्यार्थी महाविद्यालयात आला की ‘अतिशयोक्ती’ हा त्याच्या लेखी आरोप होतो.

आणि देशी शब्दांचे काय? भडक, बटबटीत, शब्दबंबाळ, पाल्हाळिक, अघळपघळ, आडमाप, अचाट हे शब्द बोलीतले म्हणून परिभाषेबाहेर राहिले. ‘भडक’ रंगाविषयी बोलतो, ‘बटबटीत’ आकाराविषयी, ‘पाल्हाळिक’ विस्ताराविषयी आणि ‘आडमाप’ मापाविषयी. इंग्रजी विशेषणांनी जे काम केले, ते करण्याची ताकद यांच्यात आहे. फक्त प्रबंधात लिहिण्याइतके ते ‘शास्त्रीय’ वाटत नाहीत.

‘एकच प्याला’ (१९१९) या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ ही शुद्ध अतिशयोक्ती आहे. बाळकरामी विनोदाची ती रीतच आहे आणि तिला वास्तवाची फूटपट्टी लावणे अरसिकपणाचे आहे. सुधाकराची दारूविषयीची दीर्घ भाषणे हा निराळा प्रकार. तेथे काही ठिकाणी कल्पना एकीवर एक रचल्या जातात आणि पात्र थांबून नाटककार बोलू लागतो. तेवढ्यापुरते ‘शब्दबंबाळ’ म्हणणे न्याय्य ठरेल. सिंधूची भाषा त्या मानाने घरगुती आहे. नवऱ्याच्या हातून मूल गेले आणि स्वतःवर मरण ओढवले असताना ती फौजदाराला खोटी हकीकत सांगून त्याला वाचवू पाहते. येथे अतिरेक शब्दांचा नाही, प्रसंगाचा आहे, आणि तो ज्या पातिव्रत्यकल्पनेतून येतो तिचाही आहे. तिचे हे खोटे बोलणे नाटक गौरवते की नकळत त्या कल्पनेचीच भीषणता उघडी पाडते, हा वादाचा मुद्दा आहे. ‘सिंधूचे चित्रण अतिरंजित आहे’ एवढे लिहून पुढच्या पात्राकडे वळणाऱ्या अभ्यासकाला तो वाद दिसतही नाही.