पऱ्हे तयार झाल्यावरच रोवणी



रोवणीची धांदल आटोपली असेल. हातपाय धुऊन घटकाभर टेका. आज एका निराळ्याच रोवणीविषयी बोलू.

सिंदेवाही तालुक्यातील एका धान उत्पादक बंधूंचे पत्र आले आहे. थोरली मुलगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अभ्यासात हुशार आहे. पुढे परदेशात शिकायचे तिच्या मनात आहे. शहरातला एक मध्यस्थ म्हणाला, 'पैसे भरा, प्रवेश आमच्याकडे लागला. तिकडे गेली की नोकरी करून वर्षभरात सगळे फेडील.' बंधू विचारतात, 'पाच एकरांतले दोन एकर विकू काय? घरचे म्हणतात, तेवढ्यात तिचे लग्न होऊन जाईल. मी काय करू?'

हा प्रश्न एका घराचा नाही, म्हणून उत्तर सर्वांसमोर देतो. जमीन विकू नका. पण मुलीला 'नाही' असेही म्हणू नका.

आपल्याच मुलखातले एक उदाहरण पाहा. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचे गाव आहे. डॉ. भास्कर हलामी तिथले. लहानपणी पावसाळ्यात घरात दाणा नसे. मोहफुले शिजवून, नाहीतर रानातल्या भाताच्या पिठाची आंबील करून पोट भरावे लागे. सातवीपर्यंत शिकलेल्या वडिलांना शंभरावर किलोमीटर दूर कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याचे काम मिळाले. ते तीन-चार महिन्यांनी घरी येत. पुढे सारे कुटुंबच कसनसूरला गेले आणि मुलगा तिथल्या आश्रमशाळेत बसला. शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन तो यवतमाळ जिल्ह्यात केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात गेला. गडचिरोलीत बी. एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्रात एम. एस्सी. आणि २००३ मध्ये नागपूरच्याच लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापकी. त्यानंतर अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीची पीएच. डी. २०२२ मध्ये ते तिकडे मेरीलँड राज्यातील औषध संशोधनाच्या कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते.

चिरचाडीहून थेट अमेरिका असे घडले नाही. चिरचाडी, कसनसूर, केळापूर, गडचिरोली, नागपूर अशा पायऱ्या चढून मग समुद्र ओलांडला. मध्यस्थ मधल्या पायऱ्या गाळून शेवटची तेवढी विकतो.

आता पैशाचे सांगतो. विज्ञानात पीएच. डी. करणाऱ्यास अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे फी माफ करतात आणि वर दरमहा पैसेही देतात. त्याबदल्यात खालच्या वर्गांना शिकवायचे किंवा प्रयोगशाळेत काम करायचे. म्हणजे गुण आणि चिकाटी असेल तर विद्यापीठच विद्यार्थ्याला पोसते. एम. एस्सी.सारख्या पदवीला मात्र बहुतेक ठिकाणी पदरचे पैसे लागतात. मुलगी नेमके काय शिकायला जाणार, हे म्हणूनच आधी विचारा.

शिष्यवृत्त्याही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यातील लखमापूरच्या शेतकरी कुटुंबातले वकील दीपक चटप यांना २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हेनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनला शिकायला गेले. या शिष्यवृत्तीत फी, राहणे-खाणे, विमानभाडे सारे येते. अट अशी, की दोन वर्षे कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतले पाहिजे. अर्जाला एक पैसा लागत नाही.

आदिवासी मुलामुलींसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. चौकशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीत करा. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर येथे त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती समाजकल्याणच्या कचेरीत मिळेल. इतर मागासवर्गीयांसाठीही राज्याची योजना आहे. जागा थोड्या असतात आणि नियम बदलत असतात. त्यामुळे वर्षभर आधीच जाऊन विचारा, आणि चालू वर्षाचा कागद हातात घेऊनच घरी या.

'नोकरी करून फेडील' या बोलण्यात किती तथ्य आहे? अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या परक्या विद्यार्थ्याला वर्ग चालू असताना आठवड्याला साधारण २० तासांहून जास्त काम करता येत नाही. नियम मोडला तर परत पाठवणी होऊ शकते. एवढ्या कमाईत भाडे आणि जेवण निघाले तरी पुष्कळ. त्यातून सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही.

तिकडचे राहणेही सोपे नाही. चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्या जिवाला ती थंडी नवी. डॉ. हलामींचे विद्यापीठ आहे त्या भागात हिवाळाभर पडणारा बर्फ मोजला तर दोन पुरुषांहून जास्त भरतो. रांधणे, भांडी, कपडे सगळे स्वतःचे स्वतः. आपल्या दारात सडा पडतो तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. पहिल्या वर्षी घरची फार आठवण येते. मुलगी फोनवर रडली तर 'परत ये' असेही म्हणू नका आणि 'एवढे पैसे लावले' असेही ऐकवू नका. नुसते ऐकून घ्या.

आता बंधूंना शेवटचे सांगणे. पऱ्हे कोवळे उपटले तर चिखलात बसते, जून झाले तर फुटवे धरत नाही. एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले म्हणजे ते दुसऱ्या बांधीत जोमाने लागते, हे तुम्हाला मी काय सांगावे? मुलीला आधी नागपूरला एम. एस्सी. करू द्या. इंग्रजी रोज मोठ्याने वाचायला लावा. दोन वर्षांनी विद्यापीठांना तिने स्वतःच्या हाताने अर्ज करावेत. मध्यस्थाला मात्र एवढेच विचारा, 'शिष्यवृत्ती मिळवून देतोस काय, तेही लेखी?' तो पुन्हा तुमच्या दारात यायचा नाही.

आणि लग्नाचे म्हणाल, तर मुलगी शिकली म्हणून कुणाचे लग्न अडले असे मी अजून पाहिलेले नाही. दोन एकर राहू द्या. ती कुठेही गेली, तरी परत येण्याजोगे घर आणि धुरा तिला असला पाहिजे.