कुलूप आजचे, किल्ली उद्याची

लहानपणी आई-अप्पांना आमच्यापासून काही लपवायचे असले की ते कन्नडमध्ये बोलत. अर्थ कळत नसे, पण शब्द कानात राहत. पुढे शाळेत कन्नड शिकलो आणि ती जुनी वाक्ये आपोआप उलगडली. (त्यांत माझे गणिताचे मार्कही होते!)

संगणकातल्या गुपितांचेही असेच होऊ घातले आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली 'आरएसए' पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा. पण गुणाकारावरून त्या संख्या हुडकणे महाकठीण. १५ चे ३ आणि ५ कुणीही तोंडी सांगेल. ६१७ अंकी संख्येपुढे मात्र महासंगणकही हात टेकतात.

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की क्वांटम संगणक हे काम झटपट करील. २००१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगात ७ क्यूबिटांनी १५ चे अवयव पाडलेही! खरे कुलूप तोडण्याइतके मोठे यंत्र अजून कुणाकडे असल्याचे जाहीर नाही.

मग घाई कसली? तर आजचा कुलूपबंद संदेश कुणीही साठवून ठेवू शकतो, यंत्र येईपर्यंत. एटीएमचा पिन आपण बदलू. आजारपणाचे कागद किंवा बोटांचे ठसे कसे बदलणार? अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची तीन मानके जाहीर केली. शोर यांची युक्ती त्यांच्यावर चालत नाही. पण जे आधीच कुणी साठवून ठेवले, त्याला ती कुलपे लावता येत नाहीत.