अर्थ विचारू नका, डाव चालू आहे

इंग्रजीत दोन अक्षरांचे शब्द किती? तुम्हीआम्ही वीस-पंचवीस आठवू आणि मग डोकं खाजवत बसू. स्क्रॅबल या अक्षरसोंगट्यांच्या खेळासाठी कॉलिन्स या शब्दकोशवाल्या प्रकाशनाने काढलेल्या यादीत, २०१९ च्या आवृत्तीत, ते १२७ आहेत. त्यात झेड-ओ आहे. हा याक आणि गाईचा संकर. एक्स-यू आहे, ते व्हिएतनामचं नाणं. ए-ए आहे, तो हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. आणि सारं जग उठताबसता ज्याचा जप करतं त्या 'ओके'ला या यादीत शिरायला २०१९ साल उजाडावं लागलं! तिबेटातलं जनावर आधीच आत जाऊन रवंथ करतंय आणि ओके दारात ताटकळतोय. या यादीला 'इंग्रजीचं ज्ञान' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

खेळाशी नाही. खेळ अव्वल आहे. तो शोधून काढणारा आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुशिल्पी. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं. त्याने वर्तमानपत्राची पानं समोर घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं. त्यावरून ठरलं की शंभर सोंगट्यांत ई बारा, आणि क्यू व झेड एकेकच, दहा-दहा गुणांचे. बट्सने अक्षरं मोजली, अर्थ मोजले नाहीत, आणि मोजल्याचा दावाही केला नाही. दावा करतात ते आपले पालक आणि आपल्या इंग्रजी शाळांची गुळगुळीत माहितीपत्रकं. स्क्रॅबल क्लब म्हणजे शब्दसंपदा, शब्दसंपदा म्हणजे व्यक्तिमत्त्वविकास, आणि या समासाचा विग्रह होतो फीच्या पावतीवर.

ओळखीच्या एका गृहस्थांनी नववीतल्या मुलाचा डाव मला कौतुकाने दाखवला. "काय व्होकॅब्युलरी आहे बघा!" पोराने झेड-ओ लावला होता. मी विचारलं, "झो म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "काका, मीनिंग लागत नाही." पोरगं शंभर टक्के खरं बोललं. बापाने मात्र मी त्याचा पगार विचारल्यासारखं तोंड केलं.

मीनिंग का लागत नाही? तयारी कशी करतात ते पाहा. क्यू आहे पण यू नाही, असे शब्द एका कागदावर. पाच अक्षरांचे आणि त्यात झेड, ते दुसऱ्या. स्वरांचीच गर्दी असलेले तिसऱ्या. आणि मग सात अक्षरांचे, कारण हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या की पन्नास गुण जादा. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं घ्या. यांतून 'रेटिनाज' होतो, म्हणजे डोळ्यांची दृष्टिपटलं. 'रेट्सिना' होतो, ती ग्रीकांची राळेच्या वासाची दारू. 'स्टिअरिन' होतो, तो मेणबत्तीतला स्निग्ध पदार्थ. 'नास्टिअर' होतो, म्हणजे अधिक दुष्ट. नेत्रतज्ज्ञ, दारूडा, मेणबत्तीवाला आणि दुष्ट माणूस एकाच ओळीत उभे! खेळाडूला या चौघांत रस नाही. पटावर कोणाचं टोक कुठे जुळतं एवढंच त्याला हवं. हे कौशल्य मोठं आहे, त्याला तल्लख स्मरणशक्ती आणि हिशेबी डोकं लागतं. पण हे भाषेचं कौशल्य कसं?

यावर वाद उरलाच नव्हता, कारण नायजेल रिचर्ड्स नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने तो मिटवून टाकला. इंग्रजीतला पाच वेळचा जगज्जेता. २०१५ मध्ये तो बेल्जियमला गेला आणि फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद घेऊन आला. फ्रेंच येत नव्हती. काही आठवड्यांत त्याने यादी पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पेनमधल्या ग्रॅनडात स्पॅनिश अजिंक्यपद. स्पॅनिशही येत नाही. मला हा माणूस फार आवडतो, कारण तो फ्रेंच साहित्याच्या गप्पा मारत नाही. जिंकतो आणि जातो. एवढा धडधडीत पुरावा समोर असताना आमच्याकडचे क्लब अजून 'भाषाप्रभुत्व' विकतात!

याहून मजेशीर कोलांटउडी पाहायची असेल तर २०२१ कडे वळा. उत्तर अमेरिका सोडून बाकी जगात हा खेळ मॅटेल कंपनीचा. तिने त्या वर्षी यादीतून सुमारे ४०० शब्द काढले. माणसांना हिणवणाऱ्या शिव्या होत्या त्या, आणि काढल्या ते योग्यच केलं. पण काही खेळाडू खवळले. युक्तिवाद काय, तर पटावर शब्दाला अर्थ नसतो, ते फक्त गुण! ठीक. मग तुमच्या झेड-ओवर कोणी भुवई उंचावली की "शब्दकोशात आहे" म्हणून का गुरगुरता? शब्दकोशाचा अधिकार येतो कुठून? अर्थातूनच ना? शिवीची वेळ आली की अर्थ मिथ्या, आणि हरकत घेतली की शब्दकोश ब्रह्मवाक्य. असा सोयीचा अद्वैतवाद शंकराचार्यांनाही सुचला नसता.

आणि ब्रह्मवाक्यही एक नाही. कॉलिन्सच्या यादीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द. अमेरिका-कॅनडाच्या स्पर्धांची यादी वेगळी, दोन लाखांच्या आतली. विमानात बसून अटलांटिक ओलांडा, ऐंशी हजार शब्द बेकायदा. दोन्हीकडे पंधराहून जास्त अक्षरांच्या शब्दाला थारा नाही, कारण पटावर एका ओळीत पंधराच घरं आहेत. भाषेची हद्द पुठ्ठ्याने ठरवली! वर आणखी, चक्क बनावट शब्द लावला आणि समोरच्याने हरकत घेतली नाही, तर तो टिकतो आणि गुणही मिळतात. खेळाच्या नियमात हे चोख बसतं. शब्दज्ञानाच्या वर्गात बसतं का?

आपली डाळच घ्या. यादीतली तिची ही तीन रूपं पाहा: डी-ए-एल, डी-एच-ए-एल आणि डी-ए-एच-एल. पहिलीला चार गुण. एच टाकला की आठ, मग तो आधी टाका की नंतर, काही फरक पडत नाही. रोज वरण खाणारा मुलगा क्लबात जाऊन डाळीबद्दल शिकतो ते इतकंच, की तिच्यातल्या एचला चार गुण. हे त्याने जरूर शिकावं, मला आनंद आहे. ती बेरीज आहे, संभाव्यता आहे, क्रमचय आहे. शाळांनी क्लबच्या पाटीवरचं 'इंग्लिश' पुसावं, तिथे 'मॅथ्स' लिहावं, आणि जिंकलेल्या पोराला बक्षीस गणिताच्या बाईंच्या हातून द्यावं.